इंग्लंडमधील ग्रामीण हवेल्यांचे कुटुंबचालित हॉटेलांत रूपांतर : एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा : इंग्लंडच्या ग्रामीण भागातील जमीनदार घराण्यांच्या हवेल्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आर्थिक संकटात सापडल्या. शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या. काही राष्ट्रीय न्यासाकडे गेल्या, काही तिकीट लावून लोकांसाठी खुल्या झाल्या, तर काहींमध्ये कुटुंबांनी चालवलेली हॉटेले सुरू झाली. या तिसऱ्या मार्गाची ऐतिहासिक कारणे, त्यातून बदललेले यजमान व पाहुणा यांचे नाते आणि अशा वास्तूंत सांगितल्या जाणाऱ्या इतिहासाच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. प्रस्तावना

इंग्रजीत ज्याला 'कंट्री हाऊस' म्हणतात त्याला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. वाडा हा बहुधा गावात किंवा शहरात असतो, गढीला संरक्षणाचा संदर्भ आहे आणि हवेली या शब्दातून श्रीमंतीचा बोध होत असला तरी भोवतीच्या जमिनीचा होत नाही. कंट्री हाऊस ही मात्र जमिनीशी बांधलेली संस्था होती. हजारो एकरांचा खंड, कुळांची घरे, गावचे चर्च, शिकारीचे रान आणि पार्लमेंटमधील जागा या सर्वांचे केंद्र म्हणजे ते घर होय. ही व्याप्ती गृहीत धरून या लेखात 'हवेली' हा शब्द सोयीसाठी वापरला आहे.

आज या हवेल्यांपैकी कित्येकांमध्ये कोणीही पैसे भरून मुक्काम करू शकतो. दारात बूट काढून ठेवावेत, दिवाणखान्यातील शेकोटीपाशी चहा घ्यावा, भिंतीवरील पूर्वजांची तैलचित्रे पाहत जेवावे आणि सकाळी बिल चुकते करून निघावे, असा हा अनुभव असतो. वरवर पाहता हा पर्यटनाचा विषय वाटतो. परंतु ज्या घरात प्रवेशासाठी एके काळी कुळ, ओळख आणि आमंत्रण लागे, त्या घरात केवळ दाम मोजून प्रवेश मिळू लागतो, तेव्हा सत्ता, मालकी आणि स्मृती या तिन्हींचे स्वरूप बदललेले असते. म्हणूनच हा विषय सामाजिक इतिहासाच्या कक्षेत येतो.

२. आतिथ्याची जुनी चौकट

हवेलीतील आतिथ्य निरपेक्ष होते आणि हॉटेलाने ते विकाऊ केले, असे सर्रास मानले जाते. ऐतिहासिक पुरावा मात्र या समजाला पूर्णपणे अनुकूल नाही. अठराव्या शतकात पाहुणा निघताना नोकरांची रांग दारात उभी राहत असे आणि प्रत्येकाच्या हातावर काही नाणी ठेवणे पाहुण्यास भाग पडत असे. ही प्रथा इतकी जाचक झाली होती की १७६० च्या दशकात ती बंद करण्यासाठी जमीनदारांमध्येच चळवळ झाली. मालक घरी नसताना हवेली पाहू इच्छिणाऱ्या सभ्य प्रवाशांना घर दाखवून कारभारीण बक्षिशी मिळवीत असे. जेन ऑस्टिन यांच्या १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीतील पेंबर्लीचा प्रसंग याच रिवाजावर आधारलेला आहे. म्हणजेच पैसा या घरांच्या उंबऱ्याआत आधीपासून होता. फक्त तो मालकाच्या हाती न जाता नोकरांच्या हाती जात असे आणि त्यामुळे मालकाच्या प्रतिष्ठेस बाध येत नसे.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आल्यावर शनिवार ते सोमवार असा मुक्काम रूढ झाला. लंडनहून निघालेला पाहुणा काही तासांत दूरच्या परगण्यात पोहोचू लागला. शिकार, भोजन, पत्ते आणि राजकीय खलबते हा या मुक्कामांचा ठरलेला क्रम असे. एडवर्डकालीन मंत्रिमंडळांचे अनेक निर्णय सभागृहाइतकेच अशा घरांच्या भोजनगृहांत आकाराला आले. आमंत्रण मिळणे ही सत्तेच्या वर्तुळात असल्याची खूण होती व ते न मिळणे ही बहिष्काराची.

या व्यवस्थेचा सारा भार नोकरवर्गावर होता. घराची रचनाच त्यानुसार होत असे. आपल्याकडील जुन्या वाड्यात सदर आणि माजघर यांची विभागणी स्त्रीपुरुष व आपपर या भेदावर उभी असते. इंग्रजी हवेलीत ती मालक आणि नोकर या भेदावर उभी होती. नोकरांसाठी स्वतंत्र जिना, स्वतंत्र दार, तळघरातील स्वयंपाकघर आणि माळ्यावरील निजण्याच्या खोल्या होत्या. शेकोटी पेटलेली दिसावी, पण ती पेटवणारी मुलगी दिसू नये, हा त्या रचनेमागील हेतू होता.

३. हवेल्यांचा ऱ्हास

या व्यवस्थेला पहिला तडा शेतीच्या मंदीमुळे गेला. १८७० च्या दशकापासून अमेरिकेतील प्रेअरीचा गहू आगबोटींनी ब्रिटनमध्ये येऊ लागला. १८७७ मध्ये गव्हाचा सरासरी भाव क्वार्टरला ५६ शिलिंग ९ पेन्स होता. १८९४ मध्ये तो २२ शिलिंग १० पेन्सांवर आला. कुळांना खंड परवडेना आणि मालकांना खंड सोडून द्यावा लागला. १८८२ च्या कायद्याने पिढीजात बंधनात अडकलेली जमीन आणि वस्तू विकण्याची मुभा दिली व त्यानंतर चित्रे, ग्रंथ व जमिनी बाजारात येऊ लागल्या.

दुसरा आघात करांचा होता. १८९४ मध्ये विल्यम हारकोर्ट यांनी वारसा संपत्तीवर नवा कर बसवला. त्याचा कमाल दर दहा लाख पौंडांवरील मालमत्तेस ८ टक्के होता. १९१९ मध्ये कमाल दर ४० टक्के, १९४६ मध्ये ७५ टक्के आणि १९४९ मध्ये ८० टक्के झाला. पहिल्या महायुद्धात वडिलांपाठोपाठ वारसही मरण पावल्याने अनेक घराण्यांची उत्तराधिकाराची साखळी तुटली. युद्धकाळात कारखाने, कचेऱ्या आणि बस यांत काम केलेल्या स्त्रिया पुन्हा मोलकरणीच्या कामाकडे वळण्यास नाखूश होत्या. नोकरांविना ऐंशी खोल्यांचे घर चालवणे अशक्य होते.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने अनेक हवेल्या ताब्यात घेतल्या. तेथे शाळा, इस्पितळे आणि लष्करी छावण्या आल्या. युद्ध संपल्यावर त्या परत मिळाल्या तेव्हा छपरे गळत होती, लाकडी जिन्यांची दुर्दशा झाली होती आणि बांधकाम साहित्यावर सरकारी नियंत्रण होते. १९५० च्या दशकात हवेल्या पाडण्याच्या लाटेने कळस गाठला. १९५५ च्या सुमारास सरासरी दर पाच दिवसांनी एक हवेली पाडली जात होती, असे अभ्यासक मानतात. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात रॉय स्ट्राँग, मार्कस बिनी आणि जॉन हॅरिस यांनी १८७५ ते १९७५ या शतकातील विध्वंसावर प्रदर्शन भरवले. एक हजाराहून अधिक नामशेष हवेल्यांची नोंद त्यात होती. तोपर्यंत आपल्या घराण्यापुरते वाटणारे दुःख या प्रदर्शनामुळे राष्ट्रीय प्रश्न म्हणून मांडले गेले. एवढे मात्र लक्षात ठेवले पाहिजे की, ज्यांच्या पूर्वजांनी त्या माळ्यांवर रात्री काढल्या होत्या त्या सर्वांनाच हा विध्वंस शोकास्पद वाटला असेल असे नाही.

याच ऱ्हासाच्या काळात मराठी इतिहासाशी निगडित एक खरेदी झाली. कवी टेनिसन यांनी हॅझलमिअरजवळ बांधलेले ऑल्डवर्थ हे घर पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात बडोद्याच्या गायकवाडांकडे गेले. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी आपली अखेरची वर्षे सरे परगण्यातील हुकवुड या घरात काढली आणि १८५९ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. पेशवाई बुडवणारा प्रशासक अशा घरात विसावतो आणि पुढे एक मराठा संस्थानिक तशाच एका घराचा मालक होतो, या दोन घटनांमध्ये या वास्तूंच्या बदललेल्या नशिबाचे प्रतिबिंब दिसते.

४. बचावाचे तीन मार्ग

पहिला मार्ग राष्ट्रीय न्यासाचा होता. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टला १९३७ च्या कायद्याने हवेल्या स्वीकारण्याचा व त्यांच्या देखभालीसाठी जमिनी आणि निधी बाळगण्याचा अधिकार मिळाला. १९४० मध्ये लॉर्ड लोदियन यांच्या मृत्युपत्राने नॉरफोकमधील ब्लिकलिंग हॉल ट्रस्टकडे आला. मात्र वास्तूबरोबर पुरेसा निधी देणे अनेक घराण्यांना शक्य नव्हते.

दुसरा मार्ग तिकिटाचा होता. १९४९ मध्ये लाँगलीट हे घर शुल्क आकारून जनतेसाठी खुले झाले. पुढे ब्यूली व वोबर्न यांनीही तोच मार्ग पत्करला. मोठी वास्तू, प्रसिद्ध संग्रह आणि जवळचा हमरस्ता असेल तरच हा मार्ग किफायतशीर ठरत असे. वीस-तीस खोल्यांच्या मध्यम हवेल्यांकडे यापैकी काहीही नव्हते. त्या राजवाड्याइतक्या भव्य नव्हत्या आणि साध्या कुटुंबाला राहता येईल इतक्या लहानही नव्हत्या. हॉटेल हा तिसरा मार्ग मुख्यतः अशा घरांचा आहे.

सरकारी धोरणांचा यावर दुहेरी परिणाम झाला. १९६८ च्या नगररचना कायद्याने सूचीबद्ध वास्तू पाडण्यासाठी परवानगी सक्तीची केली. त्यामुळे जुने घर पाडून सुटका करून घेण्याचा पर्याय संपला. १९६९ च्या पर्यटन विकास कायद्याने हॉटेलांसाठी काही काळ अनुदान दिले. दुसरीकडे १९७१ च्या आगप्रतिबंधक कायद्याने हॉटेलांना प्रमाणपत्र घेणे आवश्यक झाले. कोरीव ओकच्या दारांऐवजी आगरोधक दारे हवीत, अशी मागणी एक खाते करी आणि मूळ दारांना हात लावू नका असे दुसरे खाते सांगे. प्रत्येक शयनगृहाला जोडून स्नानगृह द्यायचे, तर खोलीचे नक्षीदार छत मध्येच भिंत घालून तोडावे लागे. जतन आणि वापर यांतील हा ताण या हॉटेलांच्या जन्मापासून त्यांच्या सोबत आहे.

५. कुटुंबचालित हॉटेलाची घडण

या प्रकाराची सुरुवात बहुधा लेक डिस्ट्रिक्टमधील अल्सवॉटर सरोवराकाठच्या शॅरो बे या घरापासून सांगितली जाते. फ्रान्सिस कूल्सन यांनी ते १९४८ मध्ये सुरू केले आणि १९५२ मध्ये ब्रायन सॅक त्यांचे भागीदार झाले. त्या वेळी ब्रिटनमध्ये अन्नधान्याचे रेशनिंग चालू होते. ते १९५४ पर्यंत टिकले. १९५० पर्यंत हॉटेलातील जेवणाची किंमत पाच शिलिंगांपेक्षा अधिक आकारता येत नसे. अशा टंचाईच्या काळात घरगुती दिवाणखाना, ताजा पाव आणि मालकाने स्वतः केलेले स्वागत यांचे मोल मोठे होते. कूल्सन आणि सॅक हे त्या घराचे वंशज नव्हते. तरीही पाहुण्याला घरी आल्यासारखे वाटले पाहिजे, हे सूत्र त्यांनी रूढ केले व पुढील अनेकांनी ते उचलले. या दोघांच्या निधनानंतर मालकी बदलली आणि २०२० मध्ये हे हॉटेल बंद पडले. संस्थापकांच्या व्यक्तिमत्त्वावर उभ्या असलेल्या आतिथ्याची मर्यादाही या उदाहरणातून कळते.

ससेक्समधील ग्रेव्हटाय मॅनर हे १५९८ चे घर. १८८४ मध्ये ते उद्यानतज्ज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी घेतले. भूमितीय आकारांच्या वाफ्यांऐवजी निसर्गाला अनुसरणारी बाग असावी, हा विचार त्यांनी आपल्या ग्रंथांतून आणि या बागेतून मांडला. १९३५ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ही मालमत्ता वनखात्याकडे गेली. १९५८ मध्ये पीटर हर्बर्ट यांनी तेथे हॉटेल सुरू केले. येथे वास्तूइतकेच बागेचे पुनरुज्जीवन महत्त्वाचे ठरले. रॉबिन्सन यांनी बांधलेल्या लंबवर्तुळाकार भिंतीआडच्या मळ्यातील भाजी पुन्हा स्वयंपाकघरात येऊ लागली.

रटलंडमधील हॅम्बल्टन हॉल १८८१ मध्ये वॉल्टर मार्शल यांनी शिकारीच्या हंगामासाठी बांधला. १९७० च्या दशकात तेथील खोऱ्यात धरण बांधून रटलंड वॉटर हा जलाशय तयार करण्यात आला. त्यात नेदर हॅम्बल्टन हे खालचे गाव गेले आणि टेकडीवरचे वरचे हॅम्बल्टन तेवढे पाण्याने वेढलेल्या भूशिरावर उरले. टिम आणि स्टेफा हार्ट या दांपत्याने १९८० मध्ये या घरात हॉटेल उघडले. १९८२ पासून त्यास मिशेलिन तारा आहे. आज पाहुणा खिडकीतून ज्या निळ्या पाण्याकडे पाहतो त्याच्या तळाशी एका गावाची जागा आहे. प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न जवळून पाहिलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला या दृश्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

नॉटिंगहॅमशरमधील लँगर हॉलची गोष्ट निराळी आहे. इमोजेन स्कर्व्हिंग यांना हे घर वडिलांकडून आले. ते टिकवण्यासाठी त्यांनी १९८० च्या दशकात तेथे पैसे देणारे पाहुणे ठेवण्यास सुरुवात केली. २०१६ मध्ये त्यांच्या निधनानंतर नातीने कारभार हाती घेतला. कुटुंबचालित हॉटेलांच्या इतिहासात स्त्रियांचे श्रम अनेकदा हिशेबाच्या वहीत दिसत नाहीत. घरची बाई पाहुण्यांचे करते, या जुन्या अपेक्षेचेच ते विस्तारित रूप असते. लँगर हॉलमध्ये मात्र ती बाईच मालक, यजमान आणि व्यवस्थापक होती, ही बाब उल्लेखनीय होय.

या उदाहरणांवरून 'कुटुंबचालित' या संज्ञेचे दोन अर्थ स्पष्ट होतात. पहिल्या अर्थाने जुने घराणेच आपल्या घरात हॉटेल चालवते. दुसऱ्या अर्थाने बाहेरून आलेले कुटुंब जुने घर विकत घेऊन त्याचे नवे यजमान होते. पाहुण्याला दोन्ही ठिकाणी सारखाच अनुभव मिळू शकतो, परंतु इतिहासाशी असलेले यजमानांचे नाते भिन्न असते. नव्या कुटुंबाने तो इतिहास वास्तूबरोबर विकत घेतलेला असतो. जुन्या घराण्याला तो वारशाने येतो आणि त्यातील गैरसोयीचा भागही त्याच वारशात असतो.

६. स्विंटन पार्क : एक व्यष्टिअध्ययन

यॉर्कशरमधील मॅशमजवळचे स्विंटन पार्क हे पहिल्या अर्थाचे ठळक उदाहरण आहे. हे घर मूळचे डॅन्बी घराण्याचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी विल्यम डॅन्बी यांनी त्याला बुरुज आणि तटाची कंगणी चढवून किल्ल्याचे रूप दिले. लढाईसाठी त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. जमीनमालकीला प्राचीनतेचे वलय देणे हा त्यामागचा हेतू होता.

१८८० च्या दशकात ही मालमत्ता सॅम्युअल कनलिफ-लिस्टर यांनी विकत घेतली. लिस्टर हे ब्रॅडफर्डचे कापड गिरणीमालक आणि लोकर विंचरण्याच्या यंत्राचे एक प्रमुख संशोधक होते. त्यांच्या नंतरच्या वैभवाचा संबंध थेट हिंदुस्थानशी पोहोचतो. १८५५ च्या सुमारास त्यांच्यापुढे रेशमाच्या टाकाऊ चोथ्याचा नमुना आला. कोशांवरून अखंड धागा उलगडल्यावर जो तुटका, गुंतलेला भाग उरतो तो हा चोथा. हिंदुस्थानातून तो लंडनच्या बाजारात येत असे, पण त्याला कोणी विचारत नसे. तो कातणारे यंत्र तयार करण्यात लिस्टर यांनी कित्येक वर्षे आणि लाखो पौंड घातले. अखेर त्या टाकाऊ मालातून मखमल निघू लागली. १८७१ च्या आगीनंतर नव्याने बांधलेली त्यांची मॅनिंगहॅम मिल आणि तिचे २४९ फूट उंचीचे धुराडे हे ब्रॅडफर्डच्या औद्योगिक सामर्थ्याचे प्रतीक ठरले. १८९१ मध्ये लिस्टर यांना बॅरन मॅशम हा किताब मिळाला.

किताब मिळण्याचे हे वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. डिसेंबर १८९० मध्ये अमेरिकेने लादलेल्या मॅकिन्ली जकातीचे कारण देऊन मॅनिंगहॅम मिलमध्ये मोठी वेतनकपात जाहीर झाली. सुमारे पाच हजार कामगार संपावर गेले व त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. संप १९ आठवडे चालला. एप्रिल १८९१ मध्ये रस्त्यावर लष्कर उतरले आणि त्याच महिन्यात उपासमारीने हतबल झालेले कामगार कामावर परतले. संप हरला, पण ब्रॅडफर्डमधील कामगारांनी स्वतंत्र राजकीय संघटना उभारली आणि जानेवारी १८९३ मध्ये त्याच शहरात इंडिपेंडंट लेबर पार्टीची स्थापना झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला हा क्रम परिचित वाटेल.

पुढे ही मालमत्ता लिस्टर यांच्या नातीकडे आली. तिचे पती फिलिप लॉइड-ग्रेम यांनी १९२४ मध्ये कनलिफ-लिस्टर हे आडनाव स्वीकारले. ते १९३१ ते १९३५ या काळात वसाहतमंत्री आणि त्यानंतर १९३८ पर्यंत हवाई दलाचे मंत्री होते. दुसऱ्या महायुद्धात येथे मुलींची शाळा हलवण्यात आली. १९४८ पासून सुमारे पाव शतक हुजूर पक्षाचे प्रशिक्षण महाविद्यालय या वास्तूत होते. ज्या घराच्या मालकाविरुद्धच्या संपातून मजूर पक्षाची एक पूर्वपीठिका तयार झाली, त्याच घरात हुजूर पक्षाचे कार्यकर्ते घडवले गेले, हा इतिहासातील विलक्षण योग होय. त्यानंतर हे घर शैक्षणिक न्यासाच्या वापरात होते. अखेर कुटुंबाने ते पुन्हा आपल्याकडे घेतले व २००१ मध्ये तेथे हॉटेल सुरू केले. भोवतीची सुमारे २० हजार एकरांची मालमत्ता कुटुंबाकडेच आहे.

मिलचे भवितव्य याच्याशी ताडून पाहिले पाहिजे. मॅनिंगहॅम मिल १९९२ मध्ये बंद पडली व पुढच्या दशकात तिच्या इमारतींमध्ये निवासी सदनिका होऊ लागल्या. संपत्ती निर्माण करणारी इमारत आणि ती संपत्ती जेथे विसावली ती इमारत, दोन्ही आज पैसे देऊन राहण्याच्या जागा आहेत. फरक इतकाच की हवेली त्याच कुटुंबाकडे राहिली आणि मिलमधील कामगारांची कुटुंबे मात्र पांगली.

७. मुक्कामाचे स्वरूप आणि बिलाचा अर्थ

अशा हॉटेलातील मुक्कामाची रचना बारकाईने पाहिली, तर ती हॉटेल असल्याच्या खुणा पुसण्याचा प्रयत्न करते असे दिसते. प्रवेशद्वारी उंच काउंटर नसतो. खोल्यांना क्रमांकांऐवजी नावे असतात. जेवणापूर्वी पाहुणे दिवाणखान्यात जमतात आणि पेय घेत घेत पदार्थ निवडतात. भाजी मळ्यातील आणि हरणाचे मांस मालमत्तेवरील, असे आवर्जून सांगितले जाते. मालक किंवा मालकीण टेबलापाशी येऊन विचारपूस करतात. पाहुण्याला आपण गिऱ्हाईक आहोत याचा विसर पडावा, हेच येथे विकले जाते.

या आभासावर टीका करणे सोपे आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने पाहता बिलाला एक लोकशाही अर्थही आहे. आमंत्रण देणारा यजमान कोणालाही वगळू शकतो. हॉटेलमालकाला तशी मोकळीक नसते. इंग्रजी प्रथागत कायद्यानुसार पैसे देण्यास तयार असलेल्या आणि सुस्थितीतील प्रवाशाला जागा असताना नाकारता येत नाही. १९५६ च्या हॉटेल मालक कायद्यातही हॉटेलची व्याख्या याच कसोटीवर केली आहे. १९४४ मध्ये वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांना वर्णामुळे लंडनच्या एका हॉटेलने नाकारल्याचा खटला गाजला व त्यांच्या बाजूने निकाल लागला. १९६५ च्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणच्या वर्णभेदाला मनाई केली आणि त्यात हॉटेलेही आली. म्हणजे ज्या घरात आमंत्रणाशिवाय पाऊल टाकता येत नव्हते, तेथे बिलाने प्रवेशाचा हक्क निर्माण केला. अर्थात हा हक्क खिशाच्या मर्यादेत आहे. एका रात्रीचा दर सामान्य वेतनधारकाच्या आवाक्याबाहेर असेल, तर जन्माची अट जाऊन ऐपतीची अट आली, एवढेच म्हणता येईल.

८. इतिहास कोणाचा?

हवेलीच्या माहितीपत्रकात वास्तुविशारदांची नावे, राजेरजवाड्यांच्या भेटी आणि बागेची महती असते. घर उभारणारा पैसा कोठून आला, याबद्दल मात्र एखादे वाक्य असते किंवा तेही नसते. गेल्या काही वर्षांत या मौनाला अभ्यासकांनी आव्हान दिले आहे. २०११ ते २०१४ या काळात ईस्ट इंडिया कंपनी आणि ब्रिटिश घरे यांच्या संबंधांवर संशोधन प्रकल्प झाला. २०१३ मध्ये गुलामगिरी आणि ब्रिटिश हवेल्या यांवरील निबंधांचा संग्रह प्रसिद्ध झाला. सप्टेंबर २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ९३ स्थळांचा वसाहतवाद वा गुलामगिरीशी असलेला संबंध नोंदवणारा अहवाल प्रकाशित केला. त्यावर मोठे राजकीय वादळ उठले. घराच्या सौंदर्याचा आनंद घेऊ पाहणाऱ्यांना त्याच्या पायाची चौकशी अप्रिय वाटली.

ट्रस्टसारखी सार्वजनिक संस्था अशा प्रश्नांना उत्तर देण्यास बांधील असते. कुटुंबचालित हॉटेलावर तशी सक्ती नाही. पाहुणा विश्रांतीसाठी आलेला असतो आणि यजमानाला त्याचा संध्याकाळचा विरस करायचा नसतो. परंतु याच ठिकाणी कुटुंबाच्या सातत्याला खरे मोल येऊ शकते. हिशेबाच्या वह्या, नोकरांच्या पगाराच्या नोंदी, पत्रव्यवहार आणि छायाचित्रे ही साधने घराण्यांनीच जपलेली असतात. घर विकले गेले की ती लिलावात विखुरतात. म्हणून घर कुटुंबाकडे टिकणे इतिहासाभ्यासाच्या हिताचे आहे, मात्र ती साधने अभ्यासकांना खुली असली पाहिजेत.

हे टिकणे आजही सोपे नाही. १९७३ पासून लागू झालेला मूल्यवर्धित कर सूचीबद्ध वास्तूंच्या दुरुस्तीवरही भरावा लागतो. मंजूर फेरबदलांना असलेली सूट २०१२ मध्ये संपली. चालू व्यवसायाला वारसा करात मिळणाऱ्या सवलतीमुळे घर केवळ निवास म्हणून ठेवण्यापेक्षा व्यवसाय म्हणून चालवणे अनेक कुटुंबांना हितावह ठरले होते. २०२४ च्या अर्थसंकल्पात या सवलतीवर मर्यादा आणण्याची घोषणा झाली. शिशाचे छप्पर बदलायचे की पुढच्या पिढीच्या करासाठी रक्कम राखायची, असा प्रश्न या घरांपुढे पुन्हा उभा आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, ग्रामीण हवेलीचे हॉटेल होणे हा आतिथ्याच्या परंपरेचा विच्छेद नसून तिचे रूपांतर आहे. पैशाचा व्यवहार त्या घरांत पूर्वीही होता. तो नोकरांच्या हातून मालकाच्या हाती आला आणि उघड झाला. दुसरा, शेतीची मंदी, वारसा कर, नोकरवर्गाचा अभाव आणि वास्तुसंरक्षणाचे कायदे या चार घटकांनी मिळून हा मार्ग घडवला. यांपैकी कोणताही एकच घटक पुरेसा ठरला नसता. तिसरा, कुटुंबाची उपस्थिती हा अशा हॉटेलांचा व्यावसायिक गुण असला, तरी त्याबरोबर ऐतिहासिक उत्तरदायित्वही येते. पूर्वजांची तैलचित्रे भिंतीवर लावायची, तर त्यांनी ज्यांच्या श्रमावर ती काढून घेतली त्यांची नावेही त्याच घरात कोठेतरी नोंदली गेली पाहिजेत.

स्विंटनच्या उदाहरणात ही नोंद करायची झाल्यास ती रेशमाचे कोश वाढवणाऱ्या हिंदुस्थानी शेतकऱ्यापासून सुरू होईल, ब्रॅडफर्डच्या थंडीत १९ आठवडे संपावर राहिलेल्या विणकर स्त्रियांपर्यंत येईल आणि शेकोट्या पेटवून दिसेनाशा होणाऱ्या मुलींपाशी पोहोचेल. अशी नोंद झाल्याने वास्तूचे सौंदर्य उणावत नाही. ते कोणाकोणाच्या श्रमातून उभे राहिले हे कळते आणि आज बिल भरून तेथे राहणाऱ्या पाहुण्याला आपण कोणाच्या घरी उतरलो होतो, या साध्या प्रश्नाचे अधिक पूर्ण उत्तर मिळते.